सुनीताबाईंनी मांडलेला जमाखर्च

कलेचा ध्यास, म्हणजे कलावंताचे मन बाकीच्या व्यवहारांतून काढून एकाच कामात गुंतवून टाकणारी ओढ, सहजीवनावर कसा ताण आणते याचे मराठीतील सर्वांत परखड चित्रण सुनीता देशपांडे यांच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आहे मनोहर तरी’ या आत्मकथनात आढळते. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेल्या सुनीताबाईंना विवाहबंधनाचे आकर्षण नव्हते, तरी पु. ल. देशपांडे यांच्या आग्रहाखातर त्यांनी १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने विवाह केला.

भूमसारख्या तालुक्याच्या गावातील वाचकाला पु. ल. भेटले ते पुस्तकांतून आणि ध्वनिफितींतून, म्हणजे घडून पूर्ण झालेल्या, हसवणाऱ्या रूपात. ते रूप घडत असताना घर कोण सांभाळत होते, हा प्रश्न त्याला पडण्याचे कारण नव्हते. लेखन, अभिनय, गायन, संवादिनी यांत रमलेला, ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन आणि संगीत सांभाळून त्यात भूमिकाही करणारा हा माणूस मैफलीत जितका हजर असे, तितकाच घरच्या व्यवहारात गैरहजर असे. हिशेब, पत्रव्यवहार आणि प्रयोगांची शिस्त सुनीताबाईंकडे आली, आणि ‘वंदेमातरम्’ (१९४८) या चित्रपटात पतीबरोबर झळकलेली ही अभिनेत्री हळूहळू व्यवस्थापक झाली. त्यांची तक्रार प्रेम नसल्याची नाही, गृहीत धरले गेल्याची आहे. आणि स्वतःच्या करडेपणाचीही त्या गय करीत नाहीत, म्हणूनच ती पटते.

लाडक्या लेखकाची घरातली बाजू उघड झाल्याने अनेक वाचक दुखावले, जणू संसार वाचकांनीच केला होता. टॉलस्टॉयच्या हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्या त्याच्या पत्नी सोफिया यांनीही अशीच घुसमट लिहून ठेवली. पण ती दैनंदिनीत राहिली, तर सुनीताबाईंनी पतीच्या हयातीत पुस्तक छापले आणि सहजीवन पु. लं.च्या निधनापर्यंत, २००० सालापर्यंत, टिकले. ज्या काटेकोर हिशेबाचा घरात जाच झाला असेल, त्यातूनच पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणग्या उभ्या राहिल्या आणि १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राला आरंभीचे पाठबळ मिळाले. सुनीताबाईंचे स्वतःचे पुस्तक मात्र त्यांची साठी उलटल्यावर आले.