रेल्वे स्थानकापासून कामाच्या ठिकाणापर्यंत

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचे नाते जुने आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने वेगळा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. दोन्ही जिल्ह्यांत आज नियमित प्रवासी विमानसेवा नाही. कराड व कवलापूर येथे धावपट्ट्या आहेत. परंतु विमानाने जाणाऱ्यास पुण्याचे लोहगाव किंवा कोल्हापूरचे उजळाईवाडी गाठावे लागते. त्यामुळे बाहेरगावाहून येणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांसाठी या भागाचे प्रवेशद्वार म्हणजे एसटीचे बसस्थानक आणि रेल्वे स्थानक हेच होय. रेल्वेतून उतरलेला प्रवासी कचेरीत, बाजारपेठेत वा रुग्णालयात कसा पोहोचतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

स्थानके दूर का?

लोहमार्ग आखताना चढ-उतार, नदी-नाले आणि खर्च यांचा विचार प्रथम होतो. शहराच्या सोयीचा नंतर. मीटरगेजच्या काळात साताऱ्यास जाणारा प्रवासी सातारारोड येथे उतरत असे व तेथून सुमारे १० मैलांचा रस्ता काटून शहरात येत असे. १९७१ च्या सुमारास पुणे–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि नव्या आखणीत साताऱ्याचे स्थानक माहुलीच्या बाजूस आले. अंतर बरेच घटले, तरी पोवई नाका व राजवाडा ही शहराची गजबजलेली ठिकाणे पायी जाण्याजोगी जवळ नाहीत.

सांगलीची कथा निराळी आहे. मिरज हे प्रारंभापासून मोठे जंक्शन. सांगली संस्थानने १९०७ मध्ये मिरजेपासून सांगलीपर्यंत छोटा लोहमार्ग सुरू केला, तो या उणिवेवरील उपायच होता. आज सांगली, विश्रामबाग व मिरज अशी तीन स्थानके एकाच महानगरपालिकेच्या परिसरात आहेत. मिशन रुग्णालयात जाणाऱ्याने मिरजेस उतरावे, महाविद्यालयांकडे जाणाऱ्यास विश्रामबाग जवळ पडते, तर हळदीच्या व्यापारासाठी आलेल्याने सांगली गाठावी. मात्र सर्व गाड्या विश्रामबागेस थांबत नाहीत. चुकीच्या स्थानकावर उतरल्यास आठ-दहा किलोमीटरचा फेरा पडतो. मिरज–सांगली रस्त्यावरील बस या तिन्ही भागांना जोडते. म्हणून नवख्या प्रवाशास तिचा मोठा आधार वाटतो.

बस आणि गाडी यांचा मेळ

दोन्ही शहरांत शहर वाहतुकीची जबाबदारी एसटी महामंडळ सांभाळत आले आहे. बस असणे व बस वेळेवर मिळणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत. मुंबईहून निघणारी महालक्ष्मी एक्सप्रेस उत्तररात्री साताऱ्यास आणि पहाटेच्या सुमारास सांगली-मिरजेस येते. त्या वेळी बस नसेल, तर प्रवाशाला रिक्षाखेरीज पर्याय उरत नाही. शंभर-दीडशे किलोमीटरचा रेल्वे प्रवास स्वस्तात करणाऱ्या शेतमजुराला अखेरच्या पाच-सहा किलोमीटरसाठीच अधिक पैसे मोजावे लागतात.

आगाराची अडचणही समजून घ्यावयास हवी. चालक-वाहकांच्या कामाचे तास ठरलेले असतात. गाडी उशिरा आली तर बस थांबवून ठेवल्याने पुढील फेरी चुकते. न थांबवल्यास ती रिकामी जाते आणि भारमान घटते. भारमान घटले की फेरी बंद होण्याची शक्यता वाढते, आणि फेरी अनिश्चित झाली की प्रवासी आपोआप पाठ फिरवतात. हे चक्र तोडण्याचा मार्ग म्हणजे सर्व गाड्यांऐवजी अधिक प्रवासी उतरणाऱ्या मोजक्या गाड्यांना बसची निश्चित जोड देणे. एका बसमध्ये ४० प्रवासी बसले, तर तिघांना नेणाऱ्या तेरा-चौदा रिक्षांचे काम ती एकटी करते, आणि स्थानकासमोरची कोंडीही कमी होते.

स्थानिक संस्थांचे कार्य

महानगरपालिका कायद्यानुसार शहर वाहतूक चालविणे हे महानगरपालिकेचे ऐच्छिक कर्तव्य आहे, अनिवार्य नव्हे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत साधारणपणे तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांचा विचार आहे. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांवर, तर सातारा शहराची सव्वा लाखाच्या आसपास होती. म्हणजे साताऱ्यासारख्या शहराला अशा योजनेची वाट पाहून भागणार नाही. उपलब्ध बसचाच नेमका उपयोग करून घ्यावा लागेल.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. स्थानकाच्या दारात बसच्या वेळा मराठीत ठळक लिहिलेला फलक, उन्हापावसात उभे राहण्यापुरते छप्पर, रात्री दिवा आणि स्टेशनमास्तर व एसटीचा वाहतूक नियंत्रक यांच्यात दूरध्वनीचा संपर्क, एवढ्यानेही बराच फरक पडतो. ग्रामपंचायतींनी आपल्या गावातून रेल्वेने ये-जा करणाऱ्यांची नोंद घेऊन कोणत्या गाडीस बस हवी हे आगार व्यवस्थापकास लेखी कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून अशी पाहणी करून घेतल्यास भूगोल व गणित दोन्ही विषयांचा अभ्यास होईल. नेमक्या आकड्यांसह केलेली मागणी आगाराला तपासून पाहता येते. मोघम तक्रार बहुधा फायलीतच राहते.

लोहमार्गाचे दुपदरीकरण व विद्युतीकरण यांवर मोठी रक्कम खर्च झाली आहे. त्या खर्चाचे चीज प्रवासी आपल्या कामाच्या दारापर्यंत वेळेत पोहोचतो तेव्हाच होते. आजारी आईला घेऊन मिरजेस उतरलेल्या माणसाच्या दृष्टीने प्रवास स्थानकावर संपत नाही. तो रुग्णालयाच्या पायरीवर संपतो.