उरलेल्या आठ तासांतील बासरी



मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. अशा माणसाने शिरूरच्या या व्यासपीठावरून संगीताविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु निमित्त घडले ते दौंडला. तेथील एका निवृत्त रेल्वे फिटरने मला विचारले, "भाऊ, साठी उलटलेल्या माणसाला बासरी येईल का हो? की पोरे हसतील?" मी स्वतः पन्नाशीत बासरी धरलेली. मी म्हटले, "येईल, आणि पोरे हसतीलही." हे दोन्ही खरे आहे.

प्रथम वाद्य पाहू. बासरी म्हणजे गाठ नसलेले बांबूचे एक कांडे. एक भोक फुंकेचे, सहा बोटांची. फुंक भोकाच्या पलीकडील कडेवर आपटून दुभंगते, आतली हवा कंप पावते आणि नाद उमटतो. हवेचा स्तंभ लांब तर स्वर खालचा, आखूड तर वरचा. वरची तीन भोके झाकली की षड्ज, दोन झाकली की ऋषभ, एक झाकले की गंधार. कोमल स्वरासाठी भोक अर्धेच झाकावयाचे. पेटीला पट्ट्या असतात. येथे स्वराची नेमकी जागा कानानेच शोधावी लागते.

प्रौढाची अडचण येथेच सुरू होते. काम अडले की जोर लावावा, ही आमची जन्माची सवय. बासरीत जोर लावला की नुसता वारा निघतो आणि डोके गरगरते. फुंक कमी, पण ओठांची फट बारीक, हे जमावयास मला दोन महिने लागले. फिटरबुवांच्या बोटांना घट्टे. भोक झाकले की नाही, हे बोटाला कळेना. त्यातून त्यांनी आणली होती लांब बासरी. पन्नालाल घोष (1911–1960) यांनी सुमारे 32 इंचांची बासरी मैफलीत रुजवली. तिचा गंभीर स्वर नवशिक्याला भुरळ घालतो, पण त्याची बोटे पोचत नाहीत. म्हणून आधी मध्यम लांबीची घ्यावी, बोटाचे टोक न टेकवता पेराचा मऊ भाग टेकवावा आणि रोज पंधरा मिनिटे एकच स्वर धरावा.

पण खरी अडचण बोटांची नव्हे, मानाची आहे. चारचौघांत शहाणा ठरलेल्या माणसाला पुन्हा अडाणी होणे जड जाते. पंडित हरिप्रसाद चौरसिया पहिलवानाचे पुत्र. 1957 साली ते कटकच्या आकाशवाणीत लागले, पुढे मुंबईत नावारूपाला आले. तरीही अन्नपूर्णादेवींकडे शिकावयास गेले तेव्हा त्यांनी पहिल्यापासून आरंभ केला; उजवीकडे धरलेली बासरी डावीकडे धरली. नावाजलेला कलावंत नवशिका व्हावयास तयार होतो; मग आपण का लाजावे?

आणि वेळेचे काय? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या कामाला 48 तासांची मर्यादा ठेवली. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आपले, ही जगभरच्या कामगारांची मागणी. त्या शेवटच्या आठ तासांसाठी आम्ही भांडलो. पण त्यांचे करावयाचे काय, हे सांगावयाचे राहून गेले. रांजणगावला किंवा कुरकुंभला पाळी करून परतणाऱ्यांनो, जादा कामाला तो वेळ विकण्यापूर्वी त्यातली पंधरा मिनिटे स्वतःसाठी राखून ठेवा. उतारवयात आरंभ करणारा बहुधा मैफलीचा कलावंत होणार नाही. न होवो, त्या पंधरा मिनिटांचा हिशेब कोणत्याही हजेरीपटावर मांडावा लागत नाही.

आमच्या फिटरबुवांनी गेल्या कार्तिकीला घरच्या भजनात एका अभंगाची चाल वाजवली. दोनदा चुकले. पोरे हसली. त्यांनी बासरी खाली ठेवली नाही. चाल पुरी केली.