मेक्सिकोची न्याहारी आणि चुन्याचे पाणी

सकाळी चुलीवर तवा तापू लागला की गृहिणीच्या मनात दोन विचार येतात : मुलांना पोटभर काय द्यावे, आणि रात्री उरलेल्या भाकरीचे काय करावे? आपल्याकडे शिळी भाकरी कुस्करून तिला कांदा-मिरचीची फोडणी देतात. सातासमुद्रांपलीकडील मेक्सिको देशातील माउलीही रोज सकाळी हाच प्रश्न सोडवीत असते, आणि तिचे उत्तर आपल्या उत्तराहून फारसे निराळे नाही. तिच्या न्याहारीची ओळख वाचकभगिनींना उपयोगी वाटेल. शिवाय तीत एक असा धडा आहे, की तो न कळल्यामुळे परदेशी हजारो गरिबांना प्राणास मुकावे लागले.

मेक्सिको हे मक्याचे माहेर. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील लोकांनी एका रानगवतापासून हे पीक घडविले. राजमाही त्याच भूमीतला. आपल्या कालवणातली मिरचीदेखील तिकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली.

तेथील गृहिणी मका कोरडा दळीत नाही. एक किलो वाळलेल्या मक्याला सुमारे तीन लिटर पाणी व दहा ग्रॅम खाण्याचा चुना घेऊन ती दाणे पाऊण तासभर शिजविते आणि रात्रभर त्याच पाण्यात ठेविते. सकाळी दाण्यांची साले हाताने चोळली की सुटतात. मग दोन-तीन पाण्यांनी दाणे स्वच्छ धुऊन ते पाट्यावर बारीक वाटावयाचे. तिचा पाटा तीन पायांचा असतो, एवढाच फरक. हा वाटलेला गोळा चिकट व लवचिक होतो. त्याच्या पातळ भाकऱ्या तव्यावर भाजतात, त्यांना तोर्तिया म्हणतात. आपल्या घरी हा प्रयोग करावयाचा तर चुना पानाला लावण्याचाच घ्यावा, भिंतीचा नव्हे. आणि भांडे अॅल्युमिनियमचे नसावे.

चुना कशासाठी? मक्यातील नायासिन नावाचे जीवनसत्त्व दाण्यात असे जखडलेले असते, की ते शरीराला मिळत नाही. चुन्याच्या पाण्याने ते मोकळे होते. मेक्सिकोच्या आजीबाईंना जीवनसत्त्वांचे नावही ठाऊक नव्हते. पण त्यांच्या हाताला ही कृती ठाऊक होती. युरोपियनांनी मका स्वदेशी नेला, मात्र चुना मागेच राहिला. धान्य गेले, पण कृती गेली नाही. परिणामी जे गरीब केवळ मक्यावर जगत, त्यांची कातडी खरखरीत होऊन सोलू लागली, जुलाब लागले, बुद्धीला भ्रम झाला. या रोगाचे पेलाग्रा हे नाव इटलीतले. स्पेनमध्ये डॉ. गास्पार कासाल यांनी १७३५ साली त्याचे वर्णन केले. अमेरिकेत डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून झटून सिद्ध केले की, हा संसर्ग नसून निकृष्ट आहाराचे फळ आहे. आणि नायासिनचा उपाय तर १९३७ साली हाती आला. आपल्याकडे हैदराबादेत १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच रोग केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांत अभ्यासिला. एकाच धान्यावर देह पोसत नाही, हे यावरून ध्यानी यावे. मेक्सिकोच्या ताटात मक्याशेजारी राजमा असतो, तो उगीच नव्हे.

आता शिळ्या तोर्तियांच्या पदार्थाकडे वळू. त्याला चिलाकिलेस म्हणतात. चार माणसांसाठी आठ शिळ्या तोर्तिया घ्याव्या. त्या नसल्यास कालच्या पोळ्या चालतील. त्यांचे त्रिकोणी तुकडे करून थोडे वाळवावे व तेलात कुरकुरीत तळावे. अर्धा किलो टोमॅटो, एक कांदा व तीन-चार लसणीच्या पाकळ्या तव्यावर डाग पडेतो भाजाव्या. चार लाल मिरच्या किंचित परतून गरम पाण्यात भिजवाव्या. बेळगावकडील भगिनींनी ब्याडगी मिरची घ्यावी, म्हणजे रंग येईल व तिखटपणा बेताचा राहील. सर्व एकत्र वाटून थोड्या तेलात दहा मिनिटे शिजवावे, मीठ घालावे, आणि पाने वाढल्यावरच तुकडे त्यात सोडावे. आधी सोडल्यास त्यांचा लगदा होतो. वरून चिरलेला कांदा, कोथिंबीर व घट्ट दही घालावे. शिजवून ठेचलेला राजमा तेलात परतून शेजारी वाढावा.

हाच रस्सा अख्ख्या तोर्तियावर तळलेली अंडी ठेवून त्यांवर ओतला की शेतमळ्यावरची अंडी तयार होतात. सकाळची पहिली कामे आटोपून आलेल्या गड्याची ती न्याहारी. थंडीच्या दिवसांत वाटलेला मका पाण्यात वा दुधात कालवून, गूळ व दालचिनी घालून आतोले नावाची गरम पेज करितात.

सणाच्या सकाळी या पेजेबरोबर तामाल असतात. वाटलेला मका चरबीबरोबर फेसून, आत मांस किंवा मिरचीचे सारण भरून, कणसाच्या पानात गुंडाळून ते वाफवितात. गोव्यात १५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला हळदीच्या पानातल्या पातोळ्या उकडतात, तशीच ही रीत. ६ जानेवारीस, तीन राजांच्या सणाला, तेथे कड्याच्या आकाराचा गोड पाव कापतात. त्यात बाळ येशूची इवलीशी मूर्ती दडविलेली असते. ती ज्याच्या वाट्याला येईल, त्याने २ फेब्रुवारीस, प्रभूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणाला, सर्वांना तामाल खाऊ घालावयाचे!

२०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेस मानवजातीच्या वारशात स्थान दिले. तो मान ज्यांनी मिळविला, त्या बहुतेक साध्या खेड्यांतल्या बायका होत. आपल्याही घरी आजी डाळ का भिजत घालते, आंबील का आंबविते, हे तिला शब्दांत सांगता येईलच असे नाही. म्हणून तिच्याकडून नुसता पदार्थ मागून घेऊ नये. तिच्या शेजारी बसून कृतीही शिकून घ्यावी.