'क्लिपलेस' पायडल : संज्ञा आणि निवड
डोंगरवाटेच्या सायकलीस सपाट पायडल लावावे की बूट अडकविणारे, हा प्रश्न संज्ञेनेच अधिक गुंतागुंतीचा केला आहे. ज्यात बूट अडकतो त्यासच 'क्लिपलेस' म्हणतात! कारण ऐतिहासिक आहे : चवड्याची जुनी क्लिप व पट्टा ही १९८४ मध्ये 'लूक'च्या पायडलाने अनावश्यक ठरविली, डोंगरी सायकलीसाठी शिमानोचे 'एसपीडी' १९९० मध्ये आले. नाव अभावाचे, बंधन मात्र कायम. टाच बाहेर वळविल्यावाचून पाय सुटत नाही, आणि नवख्यास ऐन तोल जाताना नेमके हेच आठवत नाही. सपाट पायडलावरून पाय तत्क्षणी उचलता येतो. खडबडीत चढावर अडकलेला पाय घसरत नाही, हा लाभ खराच. तरी आरंभ सपाट पायडलानेच करावा, असे आमचे मत आहे. सॅम हिल २०१७ ची 'एंड्युरो वर्ल्ड सिरीज' त्यावरच जिंकला.