बरं वाटणं आणि बरं होणं



गेल्या महिन्यात डाळजला वस्तीवर गेले होते. ट्रॅक्टरवर ऊस वाहतुकीचं काम करणारा एक पोरगा आहे तिथं, वय चोवीस. क्षयाच्या औषधाचा तिसरा महिना चालू आहे. मला म्हणाला, "ताई, खोकला गेला, ताप गेला, भूक लागते. मग आता गोळ्या कशाला? पोटात नुसती आग होते." मी त्याच्यावर रागावले नाही. हातात नर्सिंगचा डिप्लोमा असून हाच प्रश्न एकेकाळी मीही विचारला होता.

२०११ ची गोष्ट. मी एका खाजगी दवाखान्यात नोकरीला होते. मार्चपासून खोकला. दीड महिना खोकल्याची बाटली आणि पाच-पाच दिवसांच्या गोळ्या चालल्या. दुसऱ्याला 'दोन आठवडे खोकला असेल तर थुंकी तपासा' असं सांगणारी मी, स्वतःची थुंकी जूनमध्ये तपासली. रिपोर्ट पॉझिटिव्ह. दवाखान्यातून निरोप आला, बरं झाल्यावर या. पुढं कुणी बोलावलं नाही.

त्या काळी सरकारी औषध एक दिवसाआड असायचं. आरोग्य केंद्रात माझ्या नावाचा लाल डबा ठेवला होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार आशाताईंसमोर गोळ्या गिळायच्या. दोन महिन्यांचे २४ डोस झाले. खोकला जवळजवळ थांबला, वजन तीन किलो वाढलं. मला वाटलं, सुटले. आणि थुंकीचा रिपोर्ट आला, अजून पॉझिटिव्ह.

त्या दिवशी मी रडले. औषध लागू पडत नाही, आता मोठा टीबी झाला, असं मनानं घेतलं. डॉक्टरांनी समजावलं की काहींचं असं होतं, फुफ्फुसात पोकळी मोठी असली की जंतू जायला वेळ लागतो. त्यांनी सुरुवातीची औषधं एक महिना वाढवली, म्हणजे आणखी १२ डोस. महिन्यानं थुंकी निगेटिव्ह आली. त्यापुढं १८ आठवड्यांचे ५४ डोस. असे एकूण ९० डोस घेतले आणि २०१२ च्या जानेवारीअखेर माझा डबा रिकामा झाला. (आता दोन महिन्यांनी थुंकी पॉझिटिव्ह राहिली तर नुसतं औषध वाढवून थांबत नाहीत. जंतू औषधाला दाद देतो का, ते तपासतात. ही तपासणी झाली का, हे विचारून घ्या.)

इतका वेळ का लागतो? जुलाबाचा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. औषध मारतं ते वाढणाऱ्या जंतूला. वाढणारे पहिल्या काही आठवड्यांत मरतात, म्हणून ताप उतरतो, भूक लागते, बरं वाटतं. पण काही जंतू निपचित पडून राहतात. त्यांना जाग येईल तसं गाठून मारायचं, यासाठी पुढचे महिने असतात. तिसऱ्या महिन्यात औषध सोडलं तर हेच मागे उरलेले उठतात, आणि पुन्हा उठलेल्यांना जुनं औषध लागू पडेलच असं नाही.

आता औषध रोज असतं, वजनाप्रमाणे, एकाच गोळीत तीन-चार औषधं. लघवी केशरी होते, त्याला भिऊ नका. सांधे दुखतात, हातापायाला मुंग्या येतात, ते सांगितलं की उपाय असतो. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, किंवा लाल-हिरवा रंग ओळखू येईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आणि बायाबापड्यांना कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. या औषधानं पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा गुण कमी होतो. दुसरं साधन विचारून घ्या.

जेवणाचं बोलते. झारखंडमध्ये रुग्णांना दरमहा धान्य देऊन एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मरणाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे चाळीस किलोच्या माणसाला फक्त दोन किलो. त्यासाठी टॉनिकच्या बाटल्या नकोत. अंडी, शेंगदाणे, मोड आलेली मटकी, आणि उजनीच्या कडेला राहणाऱ्यांना भिगवणच्या बाजारातली चिलापी. सरकारचे पोषणाचे पैसे २०१८ पासून महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. खात्यावर येत नसतील तर आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आता ताटाची गोष्ट. माझ्या सासूबाईंनी माझं ताट, तांब्या वेगळा केला होता. प्रेमानं वाढायच्या, पण ताट खिडकीत वेगळं. याच बाईनं लहानपणी चहाच्या टपरीच्या वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी स्वतः विसळली होती. मी एकदा तेवढंच म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ताट मांडणीवर आलं.

क्षय भांड्यातून पसरत नाही. तो खोकल्यातून, कोंदट हवेतून पसरतो. तोंडाला रुमाल लावा, खिडक्या उघड्या ठेवा, घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, लहान मुलांना प्रतिबंधक गोळ्या द्या. १९५९ साली मद्रासच्या केंद्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही रुग्ण सॅनिटोरियममध्ये ठेवले होते, काही दाटीवाटीच्या गरीब घरांतच. औषध नीट घेतलं तर दोघेही सारखेच बरे झाले, आणि घरी ठेवल्यामुळं घरच्यांना जास्त लागण झाली नाही. त्याला साठ वर्षं उलटून गेली, तरी खिडकीतली ताटं मी अजून पाहते.

ज्यांचा जंतू औषधाला दाद देत नाही, त्यांची वाट आणखी लांब होती. दीड-दोन वर्षं औषध आणि त्यात इंजेक्शनं. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना पोटाचा क्षय होता. २०१३ साली अशा इंजेक्शनांनी त्यांचं ऐकणं गेलं. पुढं त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह बेडाक्विलिन या औषधाच्या वाढीव पेटंटला हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. आता यातल्या बऱ्याच रुग्णांना याच औषधासह सहा महिन्यांचा, इंजेक्शन नसलेला उपचार मिळू शकतो.

औषध संपलं तरी माझा दम भरून आला नव्हता. एक्स-रेवर डाग होता, तो आजही आहे. तो व्रण आहे, रोग नव्हे. हातपंपावरून कळशी आणताना दोनदा थांबावं लागायचं. मी रोज थोडं चालायचे, नाकानं श्वास घेऊन ओठांचा चंबू करून हळू फुंकर सोडायचे. २०११ च्या वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायची माझी पाळी दुसरीला द्यावी लागली होती. २०१२ च्या वर्षावासात मी पुन्हा बसले. पहिल्या दिवशी एक पान झालं, अश्विन पौर्णिमेपर्यंत सहा.

त्या पोराला मी हे सगळं सांगितलं. हंगामाला दुसऱ्या कारखान्यावर जायचं म्हणतोय. म्हटलं, जा, पण आधी आरोग्य केंद्रात सांग, त्या गावात औषध मिळायची सोय होते. गोळ्या रिकाम्या पोटी सोसत नसतील तर डॉक्टरांना विचारून थोडं खाऊन घे, पण चुकवू नकोस. परवा त्याचं वजन केलं, ४६ भरलं. सुरुवातीला ४१ होतं. अजून तीन महिने आहेत.