विश्लेषण : न्यूट्रिनो इतका हलका का?

दर्यापुरात मध्यरात्री सूर्य पृथ्वीच्या पलीकडे असतो. तरीही त्याचे न्यूट्रिनो कण अख्खी पृथ्वी ओलांडून, जमिनीतून वर येऊन आपल्या शरीरातून जात असतात. नखाएवढ्या जागेतून सेकंदाला सुमारे 6,500 कोटी! ते सहसा कशालाच धडकत नाहीत, म्हणून जाणवतही नाहीत. या कणांना वस्तुमान आहे हे आता पक्के आहे; ते इतके कमी का, यावर मात्र शास्त्रज्ञांचे एकमत नाही.

वस्तुमान आहे हे कसे कळले?

न्यूट्रिनो तीन प्रकारचे : इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ. 1998 मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगात दिसले, की वातावरणात तयार होऊन पृथ्वीच्या पोटातून येणारे म्युऑन न्यूट्रिनो निम्मेच पोहोचतात. उरलेले वाटेत प्रकार बदलतात. भजनी मंडळाच्या पेटीत दोन सूर किंचित वेगळे लागले की आवाज थरथरतो, तसेच हे. प्रत्येक प्रकार हे तीन वेगवेगळ्या वस्तुमानांचे मिश्रण असते. त्यांच्या लहरी वाटेत मागेपुढे सरकतात आणि कणाचा प्रकार पालटतो. तिन्ही वस्तुमाने शून्य असती, तर हे घडलेच नसते. या शोधासाठी ताकाआकी काजिता आणि आर्थर मॅकडोनाल्ड यांना 2015 चे नोबेल मिळाले.

‘सी-सॉ’ प्रारूप काय आहे?

कणभौतिकीच्या प्रमाणित प्रारूपात न्यूट्रिनोचे वस्तुमान शून्यच धरले होते. प्रत्यक्षात तो इलेक्ट्रॉनपेक्षा दहा लाख पटींहून अधिक हलका आहे. 1970 च्या दशकात पुढे आलेली कल्पना अशी, की प्रत्येक हलक्या न्यूट्रिनोला एक अतिजड जोडीदार असावा. बागेतल्या सी-सॉवर एक बाजू जितकी खाली, तितकी दुसरी वर. तसा जोडीदार जितका जड, तितका आपला न्यूट्रिनो हलका. गणित देखणे आहे, पण हे जोडीदार इतके जड असू शकतात, की कोणत्याही यंत्रात तयार करता येणार नाहीत. त्यामुळे पुरावा आडमार्गानेच शोधावा लागतो.

सध्याचा पेच कोणता?

प्रकार बदलण्यावरून वस्तुमानांतला फरक कळतो, प्रत्यक्ष वस्तुमान नाही. म्हणून तिसरा न्यूट्रिनो सर्वांत जड की सर्वांत हलका, हे ठरायचे आहे. यातली अनेक प्रारूपे याच उत्तरावर टिकतील किंवा बाद होतील. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. अमोल दिघे यांनी अलेक्सी स्मिर्नोव्ह यांच्यासह 2000 मध्ये एक वाट दाखवली : ताऱ्याचा स्फोट झाला की त्यातून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या ऊर्जेवरून हा क्रम ओळखता येईल. अडचण एवढीच, की असा स्फोट जवळ व्हायला हवा. 1987 मध्ये शेजारच्या दीर्घिकेत तो झाला, तेव्हा जगभरात मिळून जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो सापडले होते.

भारत कुठे आहे?

1965 मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत वातावरणातील न्यूट्रिनोंची नोंद झाली. जगातल्या पहिल्या नोंदींपैकी ती एक. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगराखाली 50 हजार टनांचा लोहचुंबकीय शोधक उभारून हाच क्रम तपासायचा, या प्रकल्पाला केंद्राने 2015 मध्ये मंजुरी दिली. स्थानिकांचा आणि राज्य सरकारचा विरोध झाला, आणि काम अडले. चीनच्या ‘जुनो’ प्रयोगाने मात्र ऑगस्ट 2025 मध्ये याच प्रश्नासाठी नोंदी घ्यायला सुरुवातही केली.