औषध दिले, सांगणे राहिले

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या मार्गावरील राजूर हे गाव महाराष्ट्रास परिचित आहे ते तेथील गणपतीच्या देवस्थानामुळे. अंगारकी चतुर्थीस येथे दूरदूरचे भाविक लोटतात. या परिसरात मनाच्या दुखण्यास फारसे कोणी नैराश्य म्हणत नाही. ‘करमत नाही’, ‘छातीत धडधड होते’, ‘हातापायांची आग होते’, ‘झोप उडाली’ अशा शब्दांत ते व्यक्त होते आणि प्रथम जाते ते गावातील डॉक्टरकडे. मनोविकारतज्ज्ञ गाठावयाचा तर जालना नाही तर छत्रपती संभाजीनगर. म्हणजे एक दिवसाची मजुरी, एस. टी.चे भाडे आणि ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ गेल्याचा बोभाटा. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत; मराठवाड्याच्या वाट्यास त्यांतील एकही आलेले नाही.

तरीही औषध पोहोचले आहे, आणि ही इष्टच गोष्ट होय. एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुऑक्सेटीन, अमिट्रिप्टिलीन ही नैराश्यावरील औषधे केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या सूचीत आहेत. ती स्वस्त आहेत आणि योग्य रुग्णास योग्य मात्रेत दिल्यास गुणकारीही आहेत. प्रश्न निराळाच आहे. गोळी रुग्णाच्या हाती पडते, परंतु ती काय काय करील हे त्यास कोणी सांगत नाही. पाकिटावरील मजकूर इंग्रजीत, चिठ्ठीवरील अक्षर डॉक्टरांचे आणि समजावून सांगण्यास वेळ कोणासच नाही. ‘दुष्परिणाम सांगितले तर रुग्ण घाबरून गोळी घेणारच नाही,’ असा युक्तिवाद यावर केला जातो. माझ्या मते वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. न सांगितल्यामुळेच रुग्ण गोळी सोडतो, आणि ती सोडतो तीही चुकीच्या वेळी, चुकीच्या रीतीने.

असे समजा की, एका प्राथमिक शिक्षकास एस्सिटॅलोप्रॅम सुरू झाले. पहिल्या आठवड्यात मळमळ, पोट बिघडणे, डोके दुखणे, घाम, झोपेचा गोंधळ आणि कधी कधी अस्वस्थतेत भर हे सारे होऊ शकते. याचे कारण गूढ नाही. हे औषध ज्या सिरोटोनिन नावाच्या द्रव्यावर काम करते, त्याचा फार मोठा भाग मेंदूत नसून आतड्यांत असतो; म्हणून मनाच्या औषधाची पहिली तक्रार पोटाकडून येते. ही लक्षणे बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतात. औषधाचा गुण मात्र दिसू लागण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर असा हा उलटा क्रम आहे. तो ठाऊक असलेला शिक्षक दात-ओठ खाऊन पंधरवडा काढील. ठाऊक नसलेला आठव्या दिवशी पाकीट कोनाड्यात टाकील आणि ‘मला गोळ्या मानवत नाहीत’ असे आयुष्यभर सांगत राहील.

या अडचणीवर आपल्याकडे एक सोपा तोडगा निघाला आहे. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम यांची एकत्र गोळी सर्रास लिहिली जाते. क्लोनाझेपाम पहिल्याच रात्री झोप लावते आणि रुग्ण खूश होतो. पण ते सवय लावणारे औषध आहे. काही आठवड्यांसाठी दिलेली ही जोडगोळी वर्षानुवर्षे चालू राहिली, तर पुढे त्रास नक्की कोणत्या घटकाचा हेही कळेनासे होते. वयस्कर माणसे रात्री लघवीस उठताना धडपडतात, तेव्हा घरचे दोष वयास देतात.

वयाचाच विषय निघाला म्हणून सांगावयाचे. वृद्धांत या औषधांमुळे रक्तातील सोडियम घटू शकते, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी सुरू असेल तेव्हा. आजी अचानक असंबद्ध बोलू लागली, तिला ग्लानी आली, तर घरात ‘म्हातारपण’ असे निदान होते. वास्तविक साध्या रक्ततपासणीने उलगडा होऊ शकतो. रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या पेशींनाही सिरोटोनिन लागते. त्यामुळे ॲस्पिरिन किंवा अंगदुखीवरील आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या सोबत घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. गुडघे-कंबर धरलेल्या शेतकऱ्याच्या खिशात वेदनाशामक गोळी असतेच. त्यास हे कोणी विचारले आहे काय?

आता ज्याविषयी डॉक्टर आणि रुग्ण दोघेही मौन पाळतात तो परिणाम. या वर्गातील औषधांनी कामेच्छा मंदावणे, समागमात तृप्ती न मिळणे हे बऱ्याच जणांत घडते, पुरुषांत आणि स्त्रियांतही. मळमळीसारखे ते आपोआप ओसरेलच असे नाही. नवविवाहित तरुण हे कोणास सांगणार? तो गोळी सोडतो. पत्नी त्याच्या वागण्याचा भलताच अर्थ लावते. मात्रा कमी करून किंवा औषध बदलून यावर उपाय करता येतो, परंतु त्यासाठी तक्रार उच्चारली गेली पाहिजे, आणि तिची वाट डॉक्टरानेच प्रथम मोकळी केली पाहिजे.

तरुणांच्या बाबतीत आणखी एक इशारा महत्त्वाचा आहे. मुलांवरील २४ चाचण्यांच्या छाननीत आत्महत्येचे विचार वा वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के आढळले. प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. त्यावरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली वेष्टनावर ठळक इशारा छापावयास लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांस लागू केला. याचा अर्थ औषध देऊ नये असा नव्हे. उपचाराविना राहिलेले नैराश्य स्वतःच जिवावर उठते. अर्थ एवढाच की, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलास गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे त्याच्याकडे घरच्यांचे लक्ष हवे. तो अधिक बेचैन झाला, मरणाची भाषा करू लागला, तर पुढील तारखेची वाट पाहू नये. शासनाची १४४१६ ही ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवा २०२२ पासून याचसाठी आहे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे औषध थांबविण्याची रीत. बरे वाटल्यावरही साधारणतः सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते. पण बरे वाटले की गोळी बंद, किंवा पेरणीच्या धांदलीत जालन्यास जाणे झाले नाही म्हणून बंद, असे होते. मग चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू होतात. रुग्णास वाटते दुखणे उलटले. ही लक्षणे किरकोळ व अल्पकालीन असतात, असे तज्ज्ञही दीर्घकाळ मानत आले. ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या ‘रॉयल कॉलेज’ने २०१९ मध्ये आपली भूमिका बदलली आणि काही रुग्णांत ती तीव्र व दीर्घकाळ टिकणारी असू शकतात, हे मान्य केले. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरविणे हाच यावरील मार्ग. मोसंबीच्या बागेचा ताण तोडताना पहिले पाणी हलकेच द्यावयाचे असते, हे जालन्याच्या बागायतदारास शिकवावे लागत नाही. ही गोष्ट तरी त्यास का समजू नये?

बरे, सांगणे हा डॉक्टरच्या सौजन्याचा भाग आहे असेही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील कलम २२ नुसार उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा रुग्णास हक्क आहे, आणि ही माहिती त्यास समजेल अशा भाषेत व स्वरूपात मिळाली पाहिजे. राजूरच्या रुग्णास समजणारी भाषा कोणती, यावर चर्चेची गरज नसावी. पहिल्या पंधरवड्यात काय होईल, कोणत्या गोळ्या सोबत घेऊ नयेत, कोणते लक्षण दिसताच त्याच दिवशी यावे आणि औषध परस्पर का थांबवू नये, एवढा मजकूर पानभर मराठीत मावतो. जिल्हा रुग्णालयाने तो छापून प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि औषधविक्रेत्यांकडे ठेवावा. खर्च कागदाचा आहे.

दुष्परिणामांची नोंद करण्याची सोयही आहे. २०१० पासून चालणाऱ्या केंद्राच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण वा त्याचा नातलग स्वतः तक्रार नोंदवू शकतो. त्यासाठी डॉक्टरची सही लागत नाही.